अहमदाबादची मागशाळा आणि नेतृत्वाचे मानसशास्त्र

विक्रम साराभाई हे नाव उच्चारताच थुंबा, अग्निबाण आणि उपग्रह डोळ्यांसमोर येतात. परंतु अवकाश संशोधनाच्या कितीतरी आधी, १९४७ मध्ये, साराभाईंच्या पुढाकाराने अहमदाबादेत वस्त्रोद्योगासाठी एक संशोधन संस्था उभी राहिली. ‘अटिरा’ या नावाने ती ओळखली जाते. या संस्थेत सूत, रंग आणि यंत्रे यांच्या जोडीला कामगाराचे मन हादेखील संशोधनाचा विषय मानण्यात आला. मिशिगन विद्यापीठातून सामाजिक मानसशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या कमला चौधरी यांच्याकडे त्या विभागाची धुरा होती. पुढे अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या जडणघडणीतही त्यांचा मोठा वाटा राहिला.

याच शहरातील कॅलिको मिलमध्ये १९५०च्या दशकात जे घडले, त्याचा उल्लेख आजही जगभरच्या व्यवस्थापनशास्त्रात होतो. १९५२ मध्ये गिरणीने स्वयंचलित माग बसवले. यंत्रे नवी होती. कोणी किती मागांवर कोणते काम करायचे, हेही शास्त्रशुद्ध मोजमाप करून ठरवलेले होते. तरीही उत्पादन अपेक्षेइतके होईना आणि कापडातील दोष कमी होईनात. अशा वेळी ठपका ठेवायला दोन जागा नेहमीच तयार असतात: कामगार आळशी आहे किंवा त्याला नवे तंत्र समजत नाही. गिरणीचे प्रमुख गौतम साराभाई यांनी मात्र लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांना पाचारण केले. मनोविश्लेषण आणि समाजशास्त्र यांची सांगड घालून माणसांच्या गटांचा अभ्यास करणे, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होते.

१९५३ मध्ये राइस मागशाळेत आले, तेव्हा तेथे २२४ माग आणि २९ कामगार होते. या २९ जणांमध्ये कामांचे तब्बल १२ प्रकार होते. विणकर आठ, मागाच्या बॅटरीत कांड्या भरणारे पाच, झाडूवाला एक, तेल घालणारा एक. वरवर पाहता ही चोख विभागणी वाटते. परंतु साधा हिशेब केला तर तिच्यातील गोम लक्षात येते. एका विणकराच्या वाट्याला सरासरी २८ माग येत, तर कांड्या भरणाऱ्याच्या वाट्याला सुमारे ४५. म्हणजे कांड्या भरणाऱ्याला एकाच वेळी एकाहून अधिक विणकरांच्या हाकेला ओ द्यावी लागे आणि विणकरालाही आपला मदतनीस नेमका कोण, हे सांगता येत नसे. काम परस्परांवर अवलंबून होते. माणसे मात्र सुटी सुटी होती. धागा तुटून माग थांबला तर ते कोणाचे नुकसान, हे कोणालाच जाणवत नव्हते. अशा ठिकाणी प्रत्येक अडचण वरिष्ठापर्यंत जाते आणि वरिष्ठाचा दिवस तंटे सोडवण्यातच संपतो.

काही मागांची जबाबदारी एका छोट्या गटाने सामायिकपणे घ्यावी, अशी कल्पना राइस यांनी मांडली. आराखडा कागदावर तयार करून तो वरून लादला गेला नाही. कल्पना कानावर पडताच कामगारांनी ती उचलून धरली आणि गट जुळवण्यात स्वतः पुढाकार घेतला. सात-सात जणांचे गट झाले. प्रत्येक गटाचा प्रमुख गटातलाच होता. सुरुवातीच्या दिवसांत वेग वाढला, पण सदोष कापडही वाढले. तेव्हा मागे न फिरता गटांच्या कामाची घडी पुन्हा नीट बसवण्यात आली. त्यानंतर कार्यक्षमता वाढली आणि दोषांचे प्रमाणही घटले. अर्थात हा प्रयोगशाळेतील काटेकोर प्रयोग नव्हता. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या होत्या, त्यामुळे साऱ्या यशाचे श्रेय एकट्या गटरचनेला देणे धाडसाचे ठरेल.

या बदलात सर्वांत अवघड परीक्षा होती ती अधिकाऱ्यांची. अशा रचनेत पर्यवेक्षकाचे काम उलटे होते. गटाच्या आत सतत डोकावण्याऐवजी त्याने गटाच्या सीमेवर उभे राहायचे असते. कच्चा माल वेळेवर येतो का, यंत्रे सुस्थितीत आहेत का, बाहेरचे अडथळे दूर होतात का, हे त्याने पाहायचे. हे ऐकायला सोपे आहे. परंतु उत्पादन जरासे घसरले की मनात भीती दाटते आणि हात आपसूक लगामाकडे जातो. ही भीती परिस्थितीतून आली आहे की स्वतःच्या स्वभावातून, हे ज्याला ओळखता येत नाही, तो हस्तक्षेपालाच नेतृत्व समजू लागतो.

राइस यांचे पुढचे कार्य याच प्रश्नाभोवती फिरले. १९५७ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे समूहसंबंधांच्या निवासी परिषदा सुरू झाल्या आणि पुढे त्यांचे नेतृत्व राइस यांच्याकडे आले. तेथे सहभागी व्यक्ती गटात वावरताना स्वतःच्याच वागण्याचा अभ्यास करतात: अधिकारी समोर असला की आपण दबतो की उसळतो, जबाबदारी घेतो की दुसऱ्यावर ढकलतो, गप्प राहून कोणाला बळ देतो. १९६५ मध्ये राइस यांनी या अनुभवांवर पुस्तक लिहिले. नेतृत्वाचे शिक्षण हाच त्याचा विषय होता.

अहमदाबादच्या कथेचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७०च्या सुमारास त्याच गिरणीची पुन्हा पाहणी केली. एका मागशाळेत गटपद्धती टिकली होती आणि कामाचा दर्जाही टिकला होता. इतरत्र मात्र बाजाराचा आणि बदलत्या उत्पादनाचा ताण येताच जुनी पद्धत हळूहळू परतली होती. गट एकदा बांधून दिला म्हणून कायमचा टिकत नाही. ताणाच्या काळात त्याच्याभोवतीची सीमा कोणीतरी राखावी लागते. ते काम अधिकाऱ्याचे असते, आणि त्यासाठी त्याला आधी स्वतःच्या मनातील धास्ती ओळखता यावी लागते. आज प्रयोगशाळेत, रुग्णालयात वा संगणक कंपनीत पहिल्यांदाच एखाद्या चमूची सूत्रे हाती घेणाऱ्या तरुण संशोधकालाही हे तितकेच लागू पडते.