वनभोजनापासून क्षेत्रभेटीपर्यंत

नगर-मनमाड रस्ता जिथे प्रवरा ओलांडतो तिथे कोल्हार वसले आहे. गावात भगवतीमातेचे देवस्थान, भोवती उसाची शेती आणि जवळच लोणी. तिथे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते, भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात अडते, पुढे संगमनेरवरून कोल्हारला येते आणि प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते. धरण, कालवा, ऊस, कारखाना हा अख्खा पाठ शाळेच्या दारातच आहे. तरी मुलांना तयारीनिशी वर्गाबाहेर नेण्याची पद्धत रुजायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

मागणी मात्र जुनी होती. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी खेड्यातल्या शाळांचे शिक्षण व्यवहारोपयोगी हवे, त्यात शेतीची प्राथमिक माहिती हवी आणि प्रत्यक्ष शिकवण्यासाठी शाळेला जोडून लहानसे नमुना-शेत असावे, असे सुचवले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीमने हातकाम आणि परिसर शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. सर्वांत धीट प्रयोग डहाणू तालुक्यात झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर तिथे अनुताई वाघ आणि सहकाऱ्यांनी शाळाच कुरणात नेली. या कुरणशाळेत गवत, पाखरे आणि ओढा हेच पाठाचे साहित्य असे.

इतरत्र निसर्गात जाणे म्हणजे वनभोजन. कार्तिकात आवळीखाली जेवण्याची घरगुती रीत होतीच. शाळांनी ती उचलली. तयारी म्हणजे डबे, सतरंज्या, पाण्याची घागर आणि खो-खोसाठी सपाट जागा. ज्या झाडाखाली पंगत बसे, त्या झाडाची चौकशी क्वचितच होई. नंतर एस.टी.ची सवलतीतली गाडी ठरवून सहली निघू लागल्या. त्यांत भंडारदरा, वेरूळ, रायगड अशी ठिकाणे आणि त्यांच्या जोडीला एखादे देवस्थान असे. गुरुजींचा निम्मा दिवस मुले मोजण्यात जाई.

तयारीला वळण मिळाले ते अभ्यासक्रमामुळे. १९७५ च्या राष्ट्रीय आराखड्याने प्राथमिक वर्गांत परिसराच्या अभ्यासाला विषयाचे स्थान दिले. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीवर पुन्हा बोट ठेवले. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे काढले, त्यामुळे नगरच्या मुलांना आपल्याच नद्या वाचायला मिळाल्या. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. त्यातली मुले नळदुर्गहून अलिबागला जातात, वाटेतली जमीन, पिके आणि हवा कशी पालटते ते टिपतात. भेटीआधी प्रश्नावली, सोबत वही, नकाशा, होकायंत्र आणि परतल्यावर अहवाल, हा क्रम या पाठाने पक्का केला.

त्याच काळात कागदही वाढले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याचे १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले आणि शालेय सहलींच्या सूचना कडक झाल्या. पालकांचे संमतिपत्र, वरिष्ठांची परवानगी, मुलींसोबत शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी हे सारे आवश्यकच आहे. पण फाइल पूर्ण झाली म्हणजे वर्ग तयार झाला, असा समज त्यातून बळावला आणि तो चुकीचा आहे.

कोल्हारसारख्या गावात खरी तयारी पाण्यापासून सुरू होते. ओझरच्या बंधाऱ्यातून निघणारे प्रवरेचे डावे-उजवे कालवे आवर्तनावर, म्हणजे पाळीपाळीने सोडलेल्या पाण्यावर चालतात. काल कोरडा दिसलेला कालवा आज काठोकाठ वाहतो आणि अस्तर केलेल्या उतारावर शेवाळाने पाय ठरत नाही. म्हणून आवर्तन कधी सुटणार हे पाटबंधारे खात्याकडे विचारून मगच दिवस ठरवावा लागतो. शिक्षकाने तीच वाट आधी एकदा चालून पाहिलेली असावी. वर्गात पाच-सहा मुलांचे गट पाडून प्रत्येकाला एकच काम दिले की गोंधळ टळतो: एका गटाने वाळू उपसल्याच्या खुणा पाहायच्या, दुसऱ्याने काठावरची झाडे, तिसऱ्याने शेतकऱ्याला विहिरीची खोली विचारायची.

दुसरी गोष्ट बिबट्याची. याच नदीच्या वरच्या अंगाला, अकोले परिसरात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. वस्तीने गजबजलेल्या त्या शेतीपट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे या भागातल्या वर्गाला दोन उलट सवयी शिकवाव्या लागतात. पाणथळीवर पक्षी पाहताना गप्प राहायचे आणि उसाच्या कडेने जाताना मोठ्याने बोलत, घोळक्याने चालायचे. उसालगत एकट्याने खाली वाकून बसायचे नाही आणि तोडणीच्या वेळी फडात पिल्लू दिसले तर हात न लावता वनखात्याला कळवायचे. घोणस, नाग, मण्यार, फुरसे ही विषारी सापांची ओळख चित्रांवरून आधीच करून द्यावी लागते. पायांत बंद बूट हवेत हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

लांबच्या भेटींसाठी हंगाम पाहावा लागतो. २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या नांदूर मध्यमेश्वरला जायचे ते हिवाळ्यात, स्थलांतरित बदके असताना. नगर जिल्ह्यातले देऊळगाव-रेहेकुरी अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. त्याचा विस्तार जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर आहे आणि माळ उघडा असल्याने कळप लांबूनच माणूस हेरतो. तिथे भडक कपडे टाळावे लागतात आणि वर्ग मोठा असेल तर दोन तुकड्यांत न्यावा लागतो.