दीनानाथांची मैफल, मद्य आणि थाळनेरचे सासर

मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) जन्माने गोव्याच्या मंगेशीचे असले, तरी त्यांची सासुरवाड खानदेशातली होती. तापीकाठी वसलेले थाळनेर, जे एकेकाळी फारुकी सुलतानांची राजधानी होते, तेथील लाड कुटुंबातील नर्मदा आणि तिच्या निधनानंतर तिचीच बहीण शेवंती यांच्याशी त्यांचे विवाह झाले. १९१८ मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी काढली. ‘भावबंधन’मधील लतिका आणि ‘मानापमान’मधील धैर्यधर या अगदी भिन्न भूमिका त्यांनी गाजवल्या. नाट्यपद, म्हणजे संवादाच्या ओघात नट स्वतःच गातो ते गीत, त्यांच्या तोंडी ठरीव चालीत अडकून पडत नसे. वेगवान, अचानक वळणाऱ्या तानांमुळे, ज्यांत पंजाबी ढंग स्पष्ट दिसे, रंगमंचावरच मैफल उभी राही. बालगंधर्वांच्या लडिवाळ गायकीच्या काळात असे आक्रमक गाणे रुजवणे ही, गायनाइतकीच, हिमतीची गोष्ट होती.

बोलपट आल्यावर नाटक कंपन्यांचे उत्पन्न आटले, मंडळीने चित्रपटनिर्मितीत उडी घेतली आणि कर्ज वाढले. याच ओढगस्तीत दीनानाथांचे मद्यपान बळावले व प्रकृती ढासळत गेली. व्यसनाने कंपनी बुडाली, असे सरसकट म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण बोलपटाच्या लाटेत अनेक नाटक मंडळ्या मोडकळीला आल्या. योगायोग असा की, दारूच्या व्यसनावरचे ‘एकच प्याला’ लिहिणारे नाटककार गडकरीच दीनानाथांनी गाजवलेल्या ‘भावबंधन’चेही कर्ते होते. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथांचे निधन झाले, तेव्हा थोरली मुलगी लता अवघी बारा वर्षांची होती.