ग्रँट डफच्या गावी

ईशान्य स्कॉटलंडमधील बान्फ हे डेव्हरॉन नदीच्या मुखावरचे लहानसे गाव. पैलतीरी मॅकडफ, दोहोंना जोडणारा सात कमानींचा दगडी पूल अठराव्या शतकातला. जेम्स ग्रँट डफ १७८९ मध्ये येथे जन्मला, एवढ्याच ओढीने आम्ही या गावी गेलो.

१८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास रेसिडेंट असताना त्याने बखरी, सनदा, पत्रे जमविली. प्रकृती ढासळल्याने तो मायदेशी परतला आणि तेथेच मराठ्यांचा इतिहास पूर्ण करून १८२६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केला. नदीकाठाने आत गेले की ईडनचा परिसर लागतो. तेथील मालमत्ता त्याला आईकडून मिळाली. ‘डफ’ हे आडनावही त्या वारशाबरोबरच आले. सभोवती सातूची शेते आणि कुरणे. सह्याद्रीतल्या धामधुमीचा इतिहासकार अशा निवांत प्रदेशातला, याचे आम्हांस नवल वाटले.

मराठ्यांच्या उदयात त्याला लूट आणि योगायोग अधिक दिसले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्याच्या ग्रंथावर टीका केली. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मधील आपल्या ग्रंथात त्याच उदयामागे राष्ट्रीय प्रयत्न पाहिला. तरीही विखुरलेल्या कागदांतून सलग इतिहास उभारण्याचे त्याचे श्रम नाकारता येत नाहीत. नदीकाठी उभे असता आम्हांस त्याच्याशी असलेला वाद आठवला आणि त्याचे ऋणही. दोहोंना न्याय देण्याचा मार्ग एकच : मूळ कागद आपण स्वतः वाचणे.