रुंद भिंगातला एकांत

रुंद पडदा म्हटला की रणांगणे, वाळवंटे आणि अफाट गर्दी डोळ्यांपुढे येते. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेत्यें यांनी १९२०च्या दशकात सिद्ध केलेल्या रचनेत दंडगोलाकार भिंगे आडवे दृश्य निम्मे आवळून नेहमीच्या ३५ मिलिमीटर फितीवर उतरवीत. प्रक्षेपकावरचे तसेच भिंग ते पुन्हा दुपटीने पसरवी. उंची मात्र तेवढीच राही. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने १९५३ साली 'द रोब'मधून हीच रचना 'सिनेमास्कोप' या नावाने लोकांपुढे आणली. घराघरांत शिरू लागलेल्या दूरचित्रवाणीला दिलेले ते उत्तर होते.

पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट १९५९चा 'कागज़ के फूल'. पुण्याच्या 'प्रभात'मध्ये उमेदवारी केलेले गुरुदत्त आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी या रुंदीत रिकामा स्टुडिओ उभा केला. आरशांवरून आत वळवलेला उन्हाचा झोत, दोन माणसे आणि त्यांच्यामधली पोकळी. जुन्या, चौकोनाजवळच्या चौकटीत ती दोघे नाइलाजाने जवळ आली असती. इथे अंतरच बोलते.

तंत्र आशय ठरवते, असे आपण सहज म्हणतो. या चित्रपटाची साक्ष वेगळी आहे: अधिक दाखवण्यासाठी घडवलेल्या भिंगातून गुरुदत्तांनी जे उरले नाही ते दाखवले. मूर्तींना छायालेखनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांनी मात्र चित्रपट नाकारला, आणि दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तांचे नाव पुढे कोणत्याही चित्रपटावर लागले नाही.