काठाचं नाव

इसवी सनापूर्वीचं ५५ वं वर्ष, ऑगस्ट सरत आलाय. डोव्हरच्या खडूसारख्या पांढऱ्या कड्यावर तुम्ही गर्दीत उभे आहात. शेजारच्याच्या अंगाला निळा रंग, हातात भाला. खाली ज्यूलियस सीझरची गलबतं नांगर टाकून उभी आहेत. इथे उतरणं सोयीचं नाही, हे त्यालाही कळतंय. दुपार कलल्यावर गलबतं हलतात आणि किनाऱ्याने पुढे सरकतात. कड्यावरचे घोडे आणि रथही त्यांच्यासोबत धावू लागतात. सात मैलांवरच्या गोटाळ किनाऱ्यावर पहिला रोमन छातीभर पाण्यात उडी टाकतो.

या मुलखाला, म्हणजे आजच्या केंटला, सीझर ‘कॅन्टियम’ म्हणतो, पण ते नाव त्याने ठेवलेलं नाही. पिथिअस नावाच्या ग्रीक दर्यावर्द्याने ते अडीचशेहून जास्त वर्षं आधी ऐकलं होतं. जुन्या केल्टिक भाषेत ‘कांतो’ म्हणजे कड. मराठी कानाला लगेच ‘काठ’ आठवतो. त्यावरून सोयरीक जुळवू नका, पण लक्षात ठेवायला बरं.

आता इसवी सन सहाशेच्या आसपास या. रोमन केव्हाच गेले. समुद्रापलीकडून आलेले ज्यूट इथे राज्य करतात. शेजारच्या मुलखांना सॅक्सनांनी आपलीच नावं दिली. पूर्वेकडच्या सॅक्सनांचं एसेक्स झालं, दक्षिणेकडच्यांचं ससेक्स. इथे मात्र उलटं घडलं. पाहुण्यांनी यजमानाचं नाव लावलं आणि ते स्वतःला ‘कांतवारे’, म्हणजे केंटची माणसं, म्हणवू लागले. त्यांचं नगर ते कँटरबरी. तिथे राजा एथेलबर्टचे कायदे वाचले जाताहेत, तेही लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या बोलीत. कुणाचा अंगठा तोडलात तर २० शिलिंग, करंगळीला ११, पुढच्या दाताला ६. तुम्ही नकळत मुठी वळता. इंग्रजीतला हा सर्वांत जुना ज्ञात कायदा.

तेराव्या शतकाच्या शेवटी एका शेतावर थांबा. बाप गेलाय, तीन भाऊ बांधावर उभे आहेत. बाकी इंग्लंडात बहुतेक ठिकाणी जमीन थोरल्याची. केंटमध्ये तिघांना सारखी वाटणी, विधवेला ती पुन्हा लग्न करेपर्यंत निम्मी जमीन आणि चूल धाकट्याची. बाप खुनासाठी फासावर गेला, तरी पोराचं शेत जप्त होत नाही. या वहिवाटीचं नाव गॅव्हलकाइंड. ‘इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमला आम्ही शरण गेलो नाही, तह केला, म्हणून आमचे हक्क राहिले,’ असं लोक छाती फुगवून सांगतात. ती दंतकथा असेल, पण ‘इन्व्हिक्टा’, अजिंक्य, हे केंटचं ब्रीद त्यातूनच आलं. वाटणीची ही रीत मात्र खरी होती. ती १९२५च्या कायद्याने संपली.

काठ म्हटला की धूप आलीच. इथे ती पश्चिमेकडून झाली, लंडनच्या बाजूने. १८८४मध्ये जगाने शून्य रेखांश मानला, तेव्हा ग्रिनिच केंटमध्येच होतं. पाच वर्षांनी ते लंडनच्या काउंटीत गेलं. १९६५मध्ये ब्रॉमली आणि बेक्सलीही लंडनमध्ये गेले.

शेवटचा मुक्काम २०००चा उन्हाळा. आपल्याला ‘काउंटी’ हा शब्द क्रिकेटनेच शिकवला, तेव्हा कँटरबरीच्या मैदानावर बसा. यंदा केंटकडून राहुल द्रविड खेळतोय. सीमारेषेच्या आत एक जुनं लाइमचं (लिंबाचं नव्हे, लिंडेनचं) झाड उभं आहे. चेंडू त्याला लागला की चौकार. झाड आधी होतं, मैदान नंतर आलं, म्हणून रेषेनेच त्याला पोटात घेतलं.

२००५च्या जानेवारीत ते वाऱ्याने मोडून पडेल. मग केंटवाले तिथे दुसरं लाइम लावतील.