मुस्लिम वारसाहक्क आणि शेतजमीन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
भंडारा हा धानशेतीचा व तलावांचा जिल्हा. येथे कौटुंबिक मालमत्ता म्हणजे मुख्यतः शेतजमीन होय. त्यामुळे मुस्लिम कुटुंबातील वाटणीचा अभ्यास करताना विधवेचा व मुलीचा हिस्सा किती, एवढेच पाहून भागत नाही. तो हिस्सा जमिनीस कोणत्या कायद्याने लागू झाला, हेही पाहावे लागते.

वारसाहक्काचे स्वरूप :
इस्लामी कायदा वडिलोपार्जित व स्वकष्टार्जित असा भेद मानत नाही. मुलाला जन्मतः हक्क मिळत नाही. मालकाच्या मृत्यूबरोबर प्रत्येक वारसाचा हिस्सा निश्चित होतो. तरक्यातून प्रथम अंत्यविधीचा खर्च, नंतर थकीत मेहरसह सर्व कर्जे आणि त्यानंतर एक तृतीयांशाच्या मर्यादेत मृत्युपत्रातील देणग्या भागविल्या जातात. उरलेली मालमत्ता वारसांची असते. हनफी नियमानुसार अपत्ये असल्यास विधवेस एक अष्टमांश मिळतो आणि मुलास मुलीच्या दुप्पट हिस्सा मिळतो.

मालगुजारी काळात गावाची मालकी सोळा आण्यांत मोजली जाई. पत्नी, तीन मुलगे व एक मुलगी मागे ठेवून मालक वारल्यास पत्नीस २ आणे, मुलीस २ आणे आणि प्रत्येक मुलास ४ आणे, असा हिशेब होतो. सारा भरण्याची जबाबदारी लंबरदाराकडे असे. परंतु त्यामुळे इतरांचा हिस्सा नष्ट होत नसे.

१८७५ चा कायदा :
१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. भंडारा त्यात समाविष्ट होता. मध्य प्रांत कायदे अधिनियम, १८७५ च्या कलम ५ ने वारसा व वाटणीच्या वादात पक्षकार मुस्लिम असल्यास मुस्लिम कायदा लागू केला. मात्र विरुद्ध रूढी सिद्ध झाल्यास तिला मान्यता ठेवली. १८७२ च्या पंजाबच्या कायद्यात रूढीला अग्रस्थान होते. मध्य प्रांतात क्रम उलट होता. मुलीचा हिस्सा हा नियम होता आणि तिला वगळणारी रूढी हा अपवाद. तो सिद्ध करण्याचा भार रूढी सांगणाऱ्यावर होता.

१९३७ चा शरियत कायदा व त्यानंतर :
१९३७ च्या शरियत कायद्याने रूढी दूर सारून मुस्लिम वैयक्तिक कायदा प्रस्थापित केला आणि १८७५ चे कलम ५ विसंगतीपुरते रद्द केले. तथापि, शेतजमीन त्यातून वगळण्यात आली. कारण १९३५ च्या भारत सरकार कायद्याने शेतजमिनीचे संक्रमण प्रांतांच्या अधिकारात दिले होते. परिणामी घर व दागिने नव्या कायद्याखाली आले, पण धानाची बांधी जुन्याच तरतुदीखाली राहिली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली; मालगुजारांचे तलाव ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. घरखेडीच्या जमिनी मात्र कुटुंबांकडे राहिल्या आणि वाटणीचा प्रश्नही राहिला.

राज्यघटनेने वारसा हा विषय समवर्ती सूचीत घेताना शेतजमिनीचा अपवाद ठेवला नाही. मद्रासने तर १९४९ मध्येच आपल्यापुरता हा अपवाद काढून टाकला होता. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यातील शेतजमिनीविषयीची वेगळी तरतूदही गेली. केंद्रीय शरियत कायद्यातील शब्द मात्र कायम आहेत.

हक्क आणि नोंद :
कायद्याने मिळालेला हिस्सा वारस नोंद, फेरफार व सातबारा यांतून दृश्य होतो. बहिणीने भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावे, ही अपेक्षा विविध धर्मांच्या कुटुंबांत परिचित आहे. मुस्लिम कायद्यात वडील हयात असताना केवळ भावी वारसा सोडून देणे निष्प्रभ असते. मात्र मोबदला घेऊन तसे करणाऱ्या वारसास पुढे हिस्सा मागता येणे कठीण होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुलाम अब्बास प्रकरणात स्पष्ट केले.

निष्कर्ष :
१९३७ च्या अपवादामुळे मुस्लिम मुलीचा शेतीतील हक्कच नाकारला गेला, हा समज भंडाऱ्याच्या बाबतीत टिकत नाही. येथे १८७५ पासूनच तो हक्क नियम म्हणून मान्य होता. अडचण हिश्शाच्या गणितापेक्षा नोंदीत व कौटुंबिक दबावात अधिक आहे. म्हणून या विषयाचा पुढील अभ्यास कायद्याच्या कलमांइतकाच तलाठी दप्तरातील फेरफार नोंदवहीवर आधारलेला असणे आवश्यक आहे.