मनमाडचा छोटा नारद

तुम्ही सांगलीत आहात. 1930 च्या दशकाचा मध्य. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या घरी तंबोरा लागलाय आणि एक शिष्य पूरिया धनाश्री घोटतोय. काहीतरी काम निघतं, म्हणून मास्टर त्याला रियाज चालू ठेवायला सांगून बाहेर जातात. तुम्ही दाराशीच थांबा, पण शिष्याकडे बघू नका. बाहेर खेळणाऱ्या त्या पाच-सहा वर्षांच्या पोरीकडे बघा.

कोमल रिषभ, तीव्र मध्यम, कोमल धैवत. राग अवघड आहे आणि शिष्याची एक जागा हुकते. तुमच्या लक्षातही आलं नसेल. पोरीच्या येतं. खेळ टाकून ती आत शिरते, हे असं नाही म्हणून त्याला सांगते आणि ती जागा गाऊन दाखवते. तेवढ्यात मास्टर परत आलेले असतात. ते दारातच ऐकत उभे राहतात. त्यांना बघून पोर धूम ठोकते. मास्टर आत जाऊन पोरीच्या आईला, माईंना सांगतात की घरातच गवई आहे आणि आपण बाहेरच्यांना शिकवत बसलोय.

ज्या माणसाच्या गळ्यावर नाट्यगृहं भरत होती, त्याला स्वतःच्या लेकीचा गळा ठाऊक नव्हता! ठाऊक असणार कसा? लता वडिलांसमोर तोंड उघडतच नसे. तिचं गाणं स्वयंपाकघरात, आईला ऐकवण्यापुरतं, आणि कामात असलेली आई तिला तिथूनही पिटाळून लावे. पण कान कुणी बंद केले नव्हते. सकाळ-संध्याकाळ घरात जे शिकवलं जाई, ते भिंतीपलीकडून आपोआप आत मुरत होतं. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे ऐकणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिला उठवून तंबोऱ्यापाशी बसवलं जातं. तालीम सुरू होते तीही पूरिया धनाश्रीनेच. राग मावळतीचा, वेळ उजाडतीची. मास्टरांना त्या दिवशी त्याची फिकीर नाही.

आता मनमाडला चला. पोर सात वर्षांची झालीय. मास्टरांच्या नाटक कंपनीचा मुक्काम आहे आणि खेळ आहे अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’. तिकीट काढायच्या भानगडीत पडू नका, सरळ विंगेत या. इथे धावपळ उडालीय, कारण नारद करणारा नट आलेलाच नाही. सौभद्रात नारदावाचून पान हलत नाही. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरल्याची बातमी तीर्थयात्रेतल्या अर्जुनाला तोच तर सांगतो! अर्जुन स्वतः मास्टर. ते चिंतेत आहेत, आणि पोर पुढे होऊन म्हणते की नारदाची पदं मला येतात, मी करते.

मास्टर पेचात पडतात. पस्तिशी ओलांडलेला अर्जुन आणि त्याच्या कमरेएवढा नारद, दिसेल कसं ते? पोर मागे हटत नाही. बघाच तुम्ही, मी वन्समोअर घेईन, असं वर सांगते.

ही फुशारकी समजू नका. पद कुठे उचलायचं, कुठे श्वास घ्यायचा, समेवर कसं यायचं, हे तिने विंगेतून कितीदा तरी ऐकलंय. येत असलेली गोष्ट करायला ती निघालीय. रंगमंचाची तिला भीती नाही, तो तिला घरासारखाच आहे. 1938 मध्ये सोलापूरला आलात तर तुम्हाला ते लख्ख दिसेल. तिथे ती वडिलांच्या मैफलीत आधी स्वतः राग खंबावती गाते आणि ते गायला लागले की भर रंगमंचावर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून जाते.

पण तूर्त मनमाड. नारद प्रवेश करतो. एवढंसं पोर बघून प्रेक्षागृहात खसखस पिकते. तुम्ही विंगेतून अर्जुनाचा चेहरा बघा. तो भूमिकेतही आहे आणि बापही आहे. पोर सूर लावते, आणि खसखस कुठल्या कुठे जाते. आवाज बारीक आहे, पण सुरावर नेमका बसलेला. पद संपतं न संपतं तोच मागून पहिली आरोळी येते: वन्समोअर!

पाठोपाठ सगळं थिएटर तेच ओरडू लागतं. संगीत नाटकात याला इलाज नसतो, कथा जिथल्या तिथे थांबवावी लागते. सुभद्रेच्या काळजीने व्याकूळ झालेला अर्जुन तिष्ठत उभा राहतो आणि नारद पद पुन्हा पहिल्यापासून धरतो.